ज्याचा व्हॉल्व्ह चोरीला गेला नाही

हैदराबादच्या नल्लकुंट्यातली ती व्हॉल्व्हचोरी मी अजून विसरलेलो नाही. रविवारी सकाळी एका अपार्टमेंटची फिर्याद आली. रात्रीतून गच्चीवरच्या सात टाक्यांचे पितळी व्हॉल्व्ह गेले होते. किंमत अंदाजे साडेदहा हजार. त्या वेळी ठाण्यात मी, माझे हेड कॉन्स्टेबल, फिर्यादी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांचा नेहमीचा प्लंबर, असे चौघे हजर होतो.

टाक्या मात्र आठ होत्या. आठवा व्हॉल्व्ह जागेवरच होता.

"साब, खबर मैं देतूं," प्लंबर म्हणाला. "सबके गए, उनका नहीं गया. घर में पाने भरे पड़े हैं. और क्या होना आपकू?"

'उनका' म्हणजे एका निवृत्त विमान मेकॅनिकचा. माणूस मराठी, शेजाऱ्यांशी जेमतेम बोलणारा. चोरी झाली की लोक आधी न पटणाऱ्याचं नाव घेतात आणि पुरावा मागाहून शोधतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव.

प्लंबरला ठाण्यातच बसवून मी गच्चीचा पंचनामा केला. आठव्या व्हॉल्व्हच्या दोन नटांमध्ये पीळ दिलेली बारीक तार होती. नटांवर पाना घसरल्याचे ताजे ओरखडे होते. गच्चीला कुलूप लावलं आणि मेकॅनिकला ठाण्यात आणलं.

खुर्चीत बसताच ते म्हणाले, "साहेब, गुन्ह्यात नाव आलं तर माझा विमानतळाचा पास जाईल. त्याला पोलीस पडताळणी लागते. आठवड्यातून दोनदा तिथं मुलांना शिकवायला जातो, तेवढंच आता हातात आहे."

"तुमच्या व्हॉल्व्हला ती तार कसली?"

तार म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. "विमानाचं इंजिन थरथरतं, बोल्ट सैल होतात. म्हणून बोल्टच्या डोक्याला भोक असतं. त्यातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टला अशी बांधायची, की एक सुटायला निघाला की दुसरा आवळला जावा."

"म्हणजे आमच्या लग्नासारखं," हेड कॉन्स्टेबल पुटपुटले.

"पण तुमची टाकी कुठं उडते?" मी विचारलं.

"पंप लागला की अख्खी गच्ची उडते! या सेक्रेटरींना चारदा सांगितलं. शेवटी नटांना स्वतःच भोकं पाडली आणि काल संध्याकाळी तार बांधली."

कोपऱ्यातून प्लंबर हसला. "विमान का काम बोलते! चूल्हे की जाली बांधे सरीका दिखता."

मेकॅनिक उठून उभे राहिले. चोर म्हटल्यावर शांत राहिलेला तो माणूस आता लालबुंद झाला होता. "पाना लगाके देखो मियाँ. उमर गुजर जाती, खुलता नहीं."

"देखा ना लगाके!" प्लंबर उसळला. "ये काम है क्या? एक ढीला करे तो बाजू का कसता! हाथ छिल गया मेरा, आधा घंटा खराब!"

सेक्रेटरींनी आपल्या खास माणसाकडे पाहिलं.

"कधी लावला पाना?" हेड कॉन्स्टेबलांनी प्रेमानं विचारलं.

प्लंबर भानावर आला. "परसों, साब."

हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असतं आणि तीन वर्षांपूर्वीही. आजवर कितीतरी आरोपी माझ्यासमोर त्या एका शब्दात दडून बसले. पण काल संध्याकाळी बांधलेल्या तारेला परसों पाना कसा लागेल?

साती व्हॉल्व्ह त्याच्या खोलीत पलंगाखाली मिळाले. सोमवारी तेच 'नवीन' म्हणून बसवायचा त्याचा विचार होता. सेक्रेटरींनी अॅडव्हान्सही देऊन टाकला होता.

कोठडीकडे नेताना प्लंबर दारात थांबला. "चचा, एक बात बोलो. खोलते कैसे उसकू?"

"खोलते नहीं," मेकॅनिक म्हणाले. "काटते. हर बार नया तार."

प्लंबरनं कपाळावर हात मारून घेतला. पक्कड त्याच्या पिशवीतच होती.

मेकॅनिकच्या पासाची पडताळणी पुढे माझ्याच टेबलावर आली. 'हरकत नाही' लिहून मी सही केली. या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. खोटं बोलताना माणूस शब्द तोलतो, पण दुसऱ्या कारागिराच्या कामाला नावं ठेवताना त्याला आपण कुठं बसलो आहोत याचंही भान राहत नाही. त्यानंतर संशयिताला 'चोरी केलीस का' असं मी क्वचितच विचारलं. 'काय रे, कुलूप कसलं होतं?' एवढंच विचारायचो, आणि चहा मागवायचो.