उजव्या हातातला नोआ

इंदूताई पळसुले कुठलाही फोटो हातात घेतला की आधी तो पालथा करून त्याची पाठ बघायच्या. आमची पहिली भेट अशीच झाली. साठचं दशक संपत आलं होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं, यजमान रेल्वेत, गार्डन रीचला क्वार्टर. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला मी हौसेनं लग्नाचा अल्बम घेऊन गेले. बायकांनी शालू पाहिला, पाटल्या पाहिल्या, नवऱ्याचे कान जरा मोठेच आहेत असंही कुणीतरी म्हणून घेतलं. इंदूताईंनी मात्र एक फोटो कोपऱ्यांतून अलगद सोडवला, पालथा केला आणि विचारलं, "हा काढला कुणी?"

मी स्टुडिओचं नाव सांगितलं.

"दुकानाचं नाव नाही गं विचारत. दुकान काय एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघतं? माणूस कोण होता?"

मला माहीत नव्हतं. "हे असं असतं बघ," त्या म्हणाल्या. "लग्नातला भटजी लक्षात राहतो, आचारी लक्षात राहतो. ज्यानं जन्मभर जपायचं तोंड काढून दिलं, त्याचा कुणाला पत्ता नाही." आणि फोटो परत कोपऱ्यांत खोचून दिला.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, नखं रसायनांनी तपकिरी झालेली. जन्म कलकत्त्याचाच. वडील तिथल्या एका छापखान्यात चित्रांचे ब्लॉक करायचे, त्यांच्या हाताखाली त्या अंधाऱ्या खोलीतलं काम शिकल्या. लग्न केलं नाही. मराठी आपल्यासारखंच बोलायच्या, फक्त आकडे मोजायची वेळ आली की बंगालीत शिरायच्या. अठरा वर्षं त्या भवानीपूरच्या एका स्टुडिओत नोकरीला होत्या. मालक हालदारबाबू. गोरेपान, इस्त्रीचा पंजाबी कुडता, बोटात पुष्कराज. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि आज तो हयात नाही म्हणून आवडायला लागला आहे असंही नाही.

उत्तर कलकत्त्यातल्या जुन्या घराण्यांत तेव्हाही सुनांना परक्या पुरुषासमोर येऊ देत नसत. फोटो मात्र हवे असत. तिथे इंदूताई जायच्या. क्वार्टरमध्ये बसून कंटाळलेली मी त्यांच्याबरोबर जायला लागले. माझं काम म्हणजे पांढरी चादर ताणून धरायची आणि खिडकीचा उजेड बाईच्या तोंडावर पाडायचा. इंदूताई घाई करत नसत. आधी त्या घरातल्या बाईबरोबर चहा घेत, तिच्याकडून माशाची कृती ऐकून घेत, स्वतः मासा खात नसूनही. मग कधीतरी, बाई डोक्यावरचा पदर सावरायचं विसरली की बटण दाबलेलं असे. पुढे काचेच्या टेबलावर पेन्सिलीनं नेगेटिव्ह सारखी करताना त्या सुरकुत्यांना हात लावत नसत. हालदारबाबूंनी सांगितलं तरी नाही. "तिची कमाई आहे ती. मी कोण पुसणारी?"

छपाईही त्यांनीच मला शिकवली. नेगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. मंद बाजू कागदाकडे ठेवायची. चुकून उलटी ठेवलीत तर चित्र तसंच सुरेख येतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. "नवशिके इथेच फसतात," त्या म्हणायच्या. "म्हणून छापून झालं की आधी हात बघायचे. तोंड फसवतं, हात फसवत नाहीत."

प्रत्येक फोटोच्या पाठीवर शिक्का पडे तो हालदारबाबूंच्या नावाचा. एकदा इंदूताईंनी काढलेला एक फोटो मोठ्या मासिकात छापून आला, खाली नाव मालकाचं. त्या विचारायला गेल्या. मी दारात उभी होते. तो हसून म्हणाला, "दीदी, कॅमेरा माझा, तर फोटो कुणाचा? आणि तुमचं नाव बाहेर गेलं तर लोक म्हणतील, ही कसली बाई दारोदार हिंडते? मी तुमच्या अब्रूला जपतो."

बाहेर आल्यावर इंदूताई ताडताड ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या. तिथे म्हणाल्या, "तवा कुणाचा का असेना, भाकरी थापणारीची. आणि माझी अब्रू जपायला ह्याला नेमलं कुणी?" मी म्हटलं, सोडून द्या नोकरी. "सोडीन की. पण अठरा वर्षं ठेवून घेतलीत त्यानं, ती घेतल्याशिवाय नाही."

संधी त्यानंच आणून दिली. स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात आलं. नाव 'अंदरमहाल'. फोटो चौदा, चौदाही इंदूताईंचे. वर एक पुस्तिका छापली. त्या पुस्तिकेतलं बंगाली इंदूताईंनी मला अर्थ सांगत वाचून दाखवलं: आपण स्वतः त्या अंतःपुरांत कसे गेलो, लाजऱ्या सुनांचा विश्वास कसा मिळवला, त्यांच्या डोळ्यांतलं दुःख आपल्याला कसं दिसलं. वाचता वाचता त्यांचा आवाज इतका शांत झाला की मला भीती वाटली. पुस्तिका मिटून त्या म्हणाल्या, "मंगल, उद्या दुपारी ये. चौदा फोटो छापायचेत."

बंगाली सवाशणीच्या डाव्या हातात लोखंडाचं एक कडं असतं, त्याला नोआ म्हणतात. आपल्या मंगळसूत्राइतकंच ते नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेलं, डाव्या हातातून उतरतं ते विधवा झाल्यावरच. तांबड्या दिव्याखाली पहिला कागद ताटलीत हलवताना मला दिसलं, नोआ उजव्या हातात आला आहे. मी म्हटलं, "ताई, नेगेटिव्ह उलटी लागली."

"लागली नाही. लावली."

मला कळायला क्षणभर लागला आणि कळल्यावर खुदकन हसूच आलं. आम्ही एकामागून एक छापत गेलो. चौदावी नेगेटिव्ह उचलून इंदूताई थांबल्या. ती नीलिमाची होती. बावीस-तेवीस वर्षांची, हसताना तोंडावर हात धरणारी. तिचा नवरा तेव्हा काविळीनं इस्पितळात होता. "हिचा सरळ छापू का गं?" त्यांनी विचारलं. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आता एकीसाठी कशाला कच खायची? सगळे उलटे असले म्हणजे हातून चूक झाली म्हणायला जागा उरणार नाही." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नेगेटिव्ह उलटी ठेवली.

हालदारबाबूंनी चौदाही फोटो एकेक करून पाहिले. "अपूर्ब!" म्हणाले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आपली झोकदार सही ठोकली. ती सही वाळेपर्यंत इंदूताई खाली मान घालून उभ्या होत्या. मला वाटलं, ह्या रडताहेत. जवळ गेले तर दात-ओठ खात होत्या.

निमंत्रणं इंदूताईंनी स्वतः हातोहात पोचवली, चौदा घरी, थेट सासवांच्या हातात. उद्घाटनाच्या दुपारी हॉल भरलेला. पुरुषमंडळी छाया-प्रकाशावर बोलत होती, एकालाही काही दिसलं नाही. मग श्यामबाजारच्या गांगुलींच्या थोरल्या बाई दोन्ही मुलग्यांचा हात धरून आल्या आणि सुनेच्या फोटोसमोर थबकल्या.

"ओ मा, ए की! नोआ डान हाते केनो?" नोआ उजव्या हातात कसा?

हालदारबाबू हात जोडून पुढे. आणि इथे त्यानं जी चूक केली, ती फोटो न काढलेला माणूसच करू शकतो. तो म्हणाला, "तसाच होता, मा. मी स्वतः काढलाय ना. त्यांनी उजव्याच हातात घातला होता."

"तुम्ही काढला?" म्हातारीचा आवाज चढला. "माझ्या घरात? माझी सून तुमच्यासमोर डोकं उघडं टाकून बसली होती?" दोन्ही मुलगे पुढे सरकले. तोवर बाकीच्या फोटोंसमोरही बायका बोटं दाखवायला लागल्या होत्या. इकडेही उजवा. तिकडेही उजवा.

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "नाही, नाही! मी कुणाच्या अंदरात पाऊलसुद्धा टाकलं नाही! फोटो सगळे हिनं काढले, ह्या मराठी बाईनं, इंदू पळसुलेनं! छापलेही हिनंच! मी फक्त सही केली!"

मागच्या खांबाशी उभ्या असलेल्या इंदूताई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं, हालदारबाबू. मागच्यांना ऐकू आलं नाही."

तो क्षण आठवला की माझं आजही रक्त वाढतं. लोकांनी म्हणावं सूड वाईट. ज्यांची नावं त्यांच्या कामाखाली आहेत, त्यांनी खुशाल म्हणावं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, की ही चित्रं 'स्टुडिओतल्या एका महिला कर्मचारी'ची असल्याचं समजतं. नाव तिथेही नाही! माणूस हॉलभर ओरडून सांगतो आणि हे लिहितात महिला कर्मचारी. म्हणून मी ह्या लिखाणात इतक्या वेळा इंदूताई पळसुले, इंदूताई पळसुले म्हणते आहे, वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

नोकरी सुटलीच. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ काढला. कॅमेऱ्याच्याही आधी स्वतःच्या नावाचा शिक्का करून आणला. निघताना बरोबर आणलेल्या नेगेटिव्हवरून चौदाही फोटो पुन्हा सरळ छापले, पाठीवर तो शिक्का मारला, आणि आम्ही दोघी घरोघरी ते द्यायला गेलो. गांगुलींच्या थोरल्या बाईंनी आधी फैलावर घेतलं, मग संदेश खाऊ घातले. बऱ्याच ठिकाणी तसंच झालं.

शेवटी नीलिमाचं घर. तिचा नवरा प्रदर्शनानंतर तिसऱ्या आठवड्यात गेला होता. आम्हाला ठाऊक नव्हतं. दार सासूनं उघडलं. इंदूताईंना ओळखून ती एवढंच म्हणाली, "तिचा नोआ आधी तुम्ही काढलात, मग देवानं." दार लागलं. आत नीलिमा होती की नाही, कळलं नाही.

काविळीचा आणि कागदाचा काही संबंध नाही हे इंदूताईंना माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी गल्लीच्या तोंडाशी त्या एका ओट्यावर बसल्या. "सूड माझा," त्या म्हणाल्या, "आणि बंदूक ठेवली पोरीच्या खांद्यावर." बोलायला हवं होतं ते मीच, पण बोलले नाही.

चार वर्षांनी आमची नागपूरला बदली झाली. त्यानंतर दोनेक वर्षांत इंदूताई गेल्याचं पत्र आलं, म्हणजे हावड्याच्या फलाटावर झालेली ती भेट शेवटची ठरली. त्या पोचवायला आल्या होत्या, डब्याच्या खिडकीशी उभ्या. गाडी सुटायला अवकाश होता. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी एकदाचं विचारलं, "ताई, पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"पुन्हा उलटेच छापीन," त्या तत्काळ म्हणाल्या. हालदारचं नाव घेताना येई तशी चमक डोळ्यांत आली. मग ती विझली. त्यांनी खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"पण तुझं ऐकलं नसतं, मंगल. तेरा पुरले असते."