कोरडी पूजा

दुपारी चारच्या सुमारास गुहागरहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी तालुक्यांच्या बातम्या तपासत होतो. पलीकडचा माणूस अनोळखी होता. त्याने यशवंतचं नाव घेतलं आणि मी सवयीने कोरा कागद ओढला. नाव, वय सेहेचाळीस, राहणार रत्नागिरी, व्यवसाय सुतारकाम, हृदयविकाराचा झटका. एवढं लिहून झाल्यावर पेन थांबलं. बोलणारा माणूस घरमालक होता. त्याच्या नव्या घरात यशवंत चार दिवसांपासून छताला प्लास्टरचे बोर्ड लावत होता. तो सांगत होता, "छातीत दुखायला लागलं तसे ते शिडीच्या घोडीवरून खाली उतरले. भिंतीतला प्लग काढला, मशीनची वायर गुंडाळली, मशीन खिडकीत ठेवलं. मग भिंतीला टेकून बसले. आम्ही पाणी आणेपर्यंत…" मी विचारलं, "प्लग त्यांनी स्वतः काढला?" तो म्हणाला, "हो, माझ्यासमोर." असला प्रश्न मी का विचारला हे त्याला कळलं नसणार. यशवंतला ओळखणाऱ्या कुणालाही तो विचित्र वाटला नसता.

आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी कॉलेजात आणि मग वर्तमानपत्रात गेलो, तो वडिलांबरोबर सुतारकामाला लागला आणि तिशीत कुवेतला गेला. तिथे एका कंपनीत प्लास्टरच्या बोर्डांच्या भिंती उभ्या करायचं काम त्याने सहा वर्षं केलं. या दशकाच्या सुरुवातीला तो कायमचा परत आला. आखातातून येणारे लोक तेव्हा टेपरेकॉर्डर, अत्तरं आणि साडीचं कापड आणत. यशवंतने घोंगडीत गुंडाळून एक विजेचा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि तीन डबे भरून काळे स्क्रू. पिस्तुलासारखी मूठ, पुढे निमुळतं नाक, मागे लांब वायर. त्याची आई दारात उभी राहून शेजारणींना सांगत होती, "सगळ्यांचे पोरगे टेप घेऊन आले, माजा बंदूक घेऊन आला." ती बंदूक आधी वाडीने पाहिली, नंतर शहराने. तिच्याकडे बघायला माणसं काम सोडून येत आणि यशवंत त्यांना हात लावू देत नसे.

आमच्या कार्यालयात छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्याचं काम बंद होऊन फोटो टाइपसेटिंगची यंत्रं यायची होती. त्यांच्यासाठी थंड केबिन हवी होती. ती यशवंतने बांधली. तेव्हा हे मशीन मी जवळून पाहिलं. काम सुरू करण्याआधी तो वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत बघायचा, कुठे चीर आहे का म्हणून. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, गळ्यातली साखळी खिशात, डोळ्यांना चष्मा. टोकाचं पातं बदलायचं तर आधी प्लग बाहेर. नुसतं बटण बंद करून तो कधी पात्याला हात लावत नसे. मशीन वायरीला धरून उचललेलं त्याला सहन होत नसे. म्हणायचा, "पोराला काय केसांनी उचलतंस?" शनिवारी संध्याकाळी तो जुन्या टूथब्रशने हवेच्या फटींतला भुसा आणि धूळ काढायचा. महिन्यातून एकदा मागची झाकणं उघडून मोटरमधले कार्बनचे ब्रश किती झिजलेत ते बघायचा. हे ब्रश इकडे मिळत नसत. मुंबईतल्या चुलतभावाकडून जवळपासच्या मापाचे मागवून तो ते पॉलिश पेपरवर घासून बसवायचा.

एकदा मी मशीन हातात मागितलं. "बाही वर कर," तो म्हणाला. "हे मशीन पत्रकार-बित्रकार ओळखत नाय." मी बाही वर केली, बटण दाबलं आणि नाक तिरकं धरून जोर केला. स्क्रू बोर्ड फाडून आत गेला. यशवंतने माझ्या हातातून मशीन काढून घेतलं. "स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदाच्या केसभर खाली गेलं पायजे, कागद फाटता नये. वर राहिलं तरी बोट कापतं, खोल गेलं तरी पकड जाते. तुम्हा पेपरवाल्यांना खोल जायची लय हौस." त्याने शेजारी दुसरा स्क्रू सरळ मारला. पुरेसा आत जाताच मशीन टक् आवाज करून आपोआप थांबलं. माझं फाटकं भोक त्याने बुजवलं नाही. ते अजून माझ्या खुर्चीमागे आहे.

यानंतरच्या वर्षीच्या दसऱ्याची हकिगत मी आजवर छापली नव्हती. छापू नये असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारा आता नाही, आणि जिच्यासाठी सांगितलं तीही दोन वर्षांपूर्वी गेली.

सुतारांच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. करवत, रंधा, वाकस, पटाशा पाटावर मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. यशवंत आंघोळीला गेला असताना आईने पाट मांडला. बंदुकीसारखं दिसणारं ते मशीन तिने मधोमध ठेवलं. शस्त्रांच्या पूजेला याहून मानाचं काय असणार? देवांना घालतात तशी तिने त्याच्यावर पळीने पाण्याची आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूची माळ चढवली. यशवंत बाहेर आला तेव्हा माळेखाली मशीन दिसतच नव्हतं. त्याने नमस्कार केला. रोज ज्या मशीनवरून तो बोट फिरवायचा त्याला त्या दिवशी हात लावायचा नव्हता, म्हणून लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत माळ काढून मशीन न बघताच पिशवीत टाकलं आणि तो एका नव्या सभागृहात छताचं काम करायला गेला. तिथल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं. तो घोडीवर चढला, बटण दाबलं आणि फेकला गेला. आठ फुटांवरून उजव्या हातावर पडला. मनगटाची दोन हाडं मोडली.

बातमी घ्यायला मीच गेलो. त्याला दवाखान्यात नेलं होतं, मशीन जमिनीवर पडलेलं होतं. प्लग काढलाय याची खात्री करून मी ते उचललं. तिरकं केल्यावर फटींतून थेंब गळले, लालसर. त्याबरोबर तांदळाचे तीन दाणे माझ्या तळहातावर पडले.

दवाखान्यात यशवंत जागा होता. मी त्याला दाणे दाखवले. ते बघून तो म्हणाला, "आयेला कळता नये."

"मग कारण काय लिहू?"

"व्होल्टेज वाढलं म्हणून लिही."

"वाढलं नव्हतं."

"तुला काय जातंय मेल्या? व्होल्टेज काय तुझ्याशी भांडायला येणार हाय?"

मी म्हटलं, दसऱ्याला घराघरांत मिक्सर, पंप, गिरणीची मोटर पुजली जाते, खरं कारण छापलं तर दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचेल. हे त्याला पटलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो म्हणाला, "ती जेवायची नाय रे. मरेपर्यंत मनाला लावून घेईल. आणि चूक तिची नाय. हत्यार कुणीबी ओलं करूदे, चालवण्याआधी बघणं माझं काम." मग तोच पुढे बोलला, "पुढच्या दसऱ्याआधी लिही. सगळ्यांसाठी लिही. माझं नाव नको."

मी खोटं छापत नाही. तसं त्यालाही सांगितलं. शेवटी मी लिहिलं: यंत्रात ओलावा शिरल्याने विजेचा धक्का बसून एक सुतार जखमी. ओलावा कसला हे लिहिलं नाही. कोकणातल्या हवेत कुणी ते विचारणार नाही, असा माझा हिशेब होता. यशवंतने डाव्या हातात अंक धरून ती ओळ वाचली आणि म्हणाला, "हां. कागद नाय फाटला."

पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आठवडाभर आधी आमच्या अंकात एक चौकट येऊ लागली. मजकूर यशवंत सांगायचा, शुद्धलेखन माझं. विजेच्या यंत्राची पूजा कोरडी करावी. पाणी, दूध, ओलं कुंकू लावू नये. अक्षता फटींवर टाकू नयेत. प्लग काढलेला असावा. दुसऱ्या दिवशी यंत्र उघड्यावर पुसून, फटी बघून, मगच सुरू करावं. अर्थिंग नसलेल्या विजेच्या बोर्डाला लावू नये. दरवर्षी तो एखादी ओळ वाढवायचा आणि मी जागेअभावी एखादी कापायचो. त्यावरून आमचं दरवर्षी भांडण व्हायचं.

हाड जुळलं, पण त्याचा उजवा तळहात पुरता वळेना. हाताने स्क्रू पिळणं त्याला जमेनासं झालं. सुताराचं मनगट गेलं तर राहतं काय? दोन महिने तो पडवीत बसून होता. मग त्याने मशीन पूर्ण उघडलं, सुकवलं, जळलेली वायर बदलली. मशीनला मनगट वळवावं लागत नाही, सरळ धरून नुसतं टेकवावं लागतं. ज्या मशीनने हात घेतला त्याच्यावरच त्याने पुढची सगळी वर्षं संसार चालवला. सावर्ड्याची दुकानं, मालगुंडची दोन घरं, आमची दुसरी केबिन, सगळी त्याने त्या अर्ध्या वळणाऱ्या हाताने केली. आई कधी विचारायची, "तुजी बंदूक बरी हाय ना रे?" तो म्हणायचा, "बरी हाय आये. तुझी पूजा लागली तिला." हे ऐकताना मी दुसरीकडे बघायचो.

तेराव्यानंतर मी घरी गेलो तेव्हा त्याची बायको, सुलभावहिनी, मशीन घेऊन बाहेर आली. गुहागरहून आलेलं तसंच होतं, फडक्यात गुंडाळलेलं. हे फडकं मी कैक वर्षं पाहत आलो होतो. जुन्या हिरव्या लुगड्याचं, चौपदरी, कडांनी दाट टाके घातलेलं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर यशवंत मशीन त्यानेच पुसायचा. मी म्हटलं, आईंचं लुगडं दिसतंय.

वहिनी म्हणाली, "तुम्हाला आता सांगायला हरकत नाय. हे पडल्यावर तुम्ही बातमी छापली होती ना, ती सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, ओलावा कुठनं आला गो? पाऊस तर नव्हता. दुपारी पेटीतलं लुगडं काढलं, कात्रीने कापलं नि शिवायला बसल्या. यांचा हात प्लास्टरमध्ये होता तेवढे दिवस शिवत होत्या. यांना दिलं तेव्हा म्हणाल्या, हत्यार पुसायला घे. मला म्हणाल्या, त्याला सांगू नको मला ठाव हाय म्हणून. त्याला वाटतंय मला ठाव नाय, तर तसंच वाटूदे."

मी विचारलं, "मग दरवर्षीची ती चौकट?"

"ती पण वाचून घ्यायच्या. ऐकून झालं की म्हणायच्या, बरोबर लिवलान."

त्या ओळीतला 'ओलावा' हा शब्द मी फार विचार करून निवडला होता. बातमी खरी राहील आणि आईला कळणार नाही, इतकाच खोल. तो तिच्यापर्यंत गेला होता… आणि सहा वर्षं त्या घरात आई आणि मुलगा एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, तीही रोज हातात घेऊन.

त्यांच्याकडे यंदा सण नाही. म्हणून वहिनीने मशीन माझ्याकडे दिलं आहे. म्हणाली, हत्यार पूजेवाचून राहू नये. दसरा आठ दिवसांवर आला. यंदाची चौकट मी कापली नाही. ती वर, याच लेखात, सगळी आली आहे. दसऱ्याला टूथब्रशने फटी झाडीन, लुगड्याच्या फडक्याने मशीन पुसून पाटावर ठेवीन, एक कोरडं फूल वाहीन. यशवंतच्या नियमाप्रमाणे वायरही टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवून बघायला हवी. पण त्यासाठी वेटोळं सोडावं लागेल, आणि ते त्याने गुहागरला खिडकीजवळ उभं राहून स्वतः घातलेलं आहे. यंदा हे मशीन कुणी चालवणार नाही. वायर तशीच राहील.