गिरमिटवाल्या काकूंची गाठ

दार अडलं, खिडकी कुरकुरली, खुर्चीचा पाय डुगडुगला की लोक हाक मारत काकांना आणि हत्यारांची पिशवी घेऊन येत काकू! काका कारखान्यावर पहारेकरी, खिळा ठोकायला गेले तर अंगठाच ठोकायचे. सुतारकी काकूंची, वडिलांच्या हाताखाली शिकलेली. रंधा असा मारत की लाकडाचं लोणी व्हावं. आणि हाताने फिरवायचं ते गिरमिट! त्याची मूठ छातीला टेकवायची, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि गरागरा फिरवायचं. कितीही चिवट लाकूड असो, भोक पडलंच म्हणून समजा.

एकदा अंघोळ करताना त्यांच्या उजव्या स्तनात गोटीएवढी गाठ हाताला लागली. काकूंनी तोंडाला कुलूप लावलं. पण धाकट्या जावेच्या नजरेतून सुटतील तर शपथ!

"ताई, भाजी चिरताना मधेच सुरी थांबतेय तुमची. काय लपवताय?"

"काही नाही गं."

"मग ते काही नाही डॉक्टरांना दाखवू. उठा!"

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार, अंगावर गारेगार जेल, पडद्यावर करड्या ढगांत एक काळपट डाग. काकूंचं लक्ष मात्र डॉक्टरीणबाईंच्या भुवयांकडे.

"कॅन्सर आहे का? सरळ सांगा."

"गाठ म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे, काकू. पाण्याची असली तर काळी, गोल, स्वच्छ दिसते. काही गाठी भरीव पण गुळगुळीत कडांच्या, त्या बहुतेक निरुपद्रवी. पू झाला तर दुखतं, ताप येतो. तुमच्या गाठीच्या कडा मात्र वेड्यावाकड्या आहेत. सुईने तुकडा काढून तपासायलाच हवा. छातीला कधी मार लागला होता?"

"मला मारणारा अजून जन्माला यायचाय!"

आणि हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं बरं का. गिरमिटाचा रेटा म्हणजे मार थोडाच? ते तर काम!

सुई टोचून झाली, रिपोर्टची वाट बघणं आलं. काका घरभर येरझाऱ्या घालत होते. काकूंनी मात्र शाळेची मोडकी बाकं अंगणात ओढली. "हात थांबले की डोकं सुरू होतं," म्हणाल्या. जाऊ शेजारी बसून बघत होती. काकूंनी गिरमिट छातीला लावलं, चेहरा कसनुसा केला आणि मूठ हळूच डावीकडे सरकवली.

"ताई! हा मार नाही तर काय आहे?"

"हा? हा तर रोजचाच!"

रिपोर्टच्या दिवशी जावेने ते अवजड गिरमिट सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी एकदा गिरमिटाकडे पाहिलं, एकदा रिपोर्टकडे.

"कॅन्सर नाही. आतली चरबी दुखावली की तिचीही गाठ होते, ही तशीच आहे."

"म्हणजे सुई उगाच टोचली?" काका उसळले.

"मुळीच नाही. हे आधी कळलं असतं तरी मी टोचलीच असती. ही गाठ पडद्यावर कधीकधी हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेते. नुसत्या अंदाजावर सोडून कसं चालेल? आता काही महिन्यांनी परत तपासू. आणि काकू, छातीने जोर लावणं बंद!"

"मग कशाने लावू?"

"जिभेने लाव," काका म्हणाले, "भिंतीलासुद्धा भोक पडेल!"

काकू खदखदून हसल्या, आणि हसता हसताच इतके दिवस दाबलेलं रडू फुटलं. त्यांनी जावेचा हात घट्ट धरला. डोळे पुसल्यावर पहिला प्रश्न मात्र डॉक्टरीणबाईंनाच:

"बाई, तुमचं हे टेबल डुगडुगतंय. बघू का जरा?"