अजून कोण आत आहे?

गोविंदअण्णा कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसं मोजायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. इस्पितळाचं कँटीन असो, लग्नाचा हॉल असो, की मल्लेश्वरममधली माझी भाड्याची खोली. एकदा मी त्यांना चहाला बोलावलं, तर बंद न्हाणीघराकडे बघून त्यांनी विचारलं, "आत कोण हाय काय?" कुणी नव्हतं. मी दार उघडून दाखवलं, तेव्हा कुठे ते बसले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापूरहून बंगळूरच्या एका धर्मादाय इस्पितळात नर्स म्हणून आले. अण्णा तिथे ॲम्ब्युलन्सवर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. मूळचे निपाणीचे, पन्नाशीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. मला ते 'तंगी' म्हणत, कन्नडमध्ये धाकटी बहीण. पहिल्याच फेरीत मी औषधांची पेटी घेऊन धावत सुटले, तर त्यांनी मागून माझा दंड धरला. "पळायचं न्हाई, तंगी. पळणाऱ्याला डोळे नसतात. आधी उभी राहा, तुला काय मारू शकतंय ते बघ. मग पेशंट." आणि पेशंटशी खोटं बोलायला त्यांची सक्त मनाई. "'काही होणार न्हाई' असं म्हणू नको. 'मी इथं हाय' म्हण. तेवढं तर खरं असतंय."

ते माणसं का मोजतात, हे मला आमचा ड्रायव्हर रुद्रप्पा याने सांगितलं. मी येण्याच्या दोन वर्षं आधी एक बस रस्त्यालगतच्या तळ्यात उलटली होती. भरदुपारची वेळ. अण्णा कमरेइतक्या पाण्यात उतरून एकेकाला काठावर आणत होते. शेवटी त्यांनी ओरडून विचारलं, "अजून कोण आत आहे?" कंडक्टर म्हणाला, सगळे आले. जखमींना घेऊन रुद्रप्पाने गाडी काढली. तासाभराने क्रेनने बस उचलली, तेव्हा मागच्या सीटखाली एक बाई सापडली. तिच्या मुठीत सीटचं फाटलेलं रेक्झिन होतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते. सुट्टी नाही, एक शब्दही नाही. पण दुपारी आडवी झालेली बायको हलली नाही, तर ते तिच्या नाकापुढे हात धरून श्वास बघायचे. ओल्या कपड्यांचा वास आला की जिन्यावर जाऊन उभे राहायचे. हे सगळं मला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फार नंतर सांगितलं.

मी स्वतः पाहिलं ते होसकोटेजवळच्या एका कारखान्यात. रसायनाची टाकी साफ करायला उतरलेले दोन कामगार गुदमरले होते. आम्ही पोचेपर्यंत सोबत्यांनी त्यांना दोर लावून वर काढलं होतं. मी एकाला ऑक्सिजन लावला आणि मागे वळले, तर अण्णा टाकीच्या शिडीवर चढत होते. भराभर, वर न बघता. मी धावले आणि त्यांचा पट्टा धरला.

"सोड, तंगी. ती आत हाय."

त्या कारखान्यात एकही बाई कामाला नव्हती.

"कोण, अण्णा?"

"ठोकतीय बघ. ऐकू येत न्हाई तुला?"

टाकीच्या तोंडातून तिखट वास येत होता. आत डोकावले असते, तरी ते तिथेच कोसळले असते. पट्टा माझ्या घामेजल्या हातातून निसटत होता. मी सुपरवायझरला ओरडून सांगितलं, हजेरी घ्या, मोठ्याने! तो नावं वाचू लागला आणि माणसं एकेक करून ओ देऊ लागली. ज्या दोन नावांना कुणीच ओ दिली नाही, त्यांना मी दिली, कारण ते दोघे माझ्यासमोर आडवे होते. "मी इथं आहे, अण्णा," मी म्हणत राहिले. शेवटचं नाव झालं. अण्णांनी शिडी सोडली. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन्ही पेशंट इतके नीट सांभाळले, की पाहणाऱ्याला कसली शंकाही आली नसती. दोघे वाचले.

इस्पितळात आल्यावर अण्णा व्हरांड्यात जमिनीवरच बसले. "कुणाला सांगू नको. वेडा म्हणून काढून टाकतील."

मी आठ दिवस गप्प राहिले. रोज सकाळी गाडीत चढताना मनात यायचं: आज शिडी नसेल, तर काय असेल? शेवटी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन." ते भडकले. तीन दिवस माझ्याकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी स्वतःच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, मला भीती वाटतीय."

त्यांना काढलं नाही. गाडीवरून उतरवलं, नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून येताना ते पार पिळून निघाल्यासारखे दिसत. "दर आठवड्याला बोलायला लावून मला त्याच बसमधे नेतोय तो," म्हणायचे. तरी गेले. वर्षभर गेले. त्यातूनच त्यांनी इस्पितळात एक नियम सुरू केला: फेरीहून आलं की गाडी धुण्याआधी बसायचं आणि काय बघितलं ते बोलायचं.

एके दुपारी रुद्रप्पा एका अपघाताहून परतला आणि उतरल्याबरोबर गाडी धुवायला त्याने नळ सोडला. अण्णांनी नळ बंद केला. "स्वल्प बस, थोडं बस. आधी बोल." रुद्रप्पा बसला, पण बोलला ते भलतंच. "अण्णा, तळ्यातल्या त्या बसमधून आवाज येत होता. मी ऐकला. वाटलं, पाण्याचा असेल. तुम्हाला सांगितलं नाही."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आता त्याला मारतात की काय, म्हणून मी उठलेच. पण त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि रुद्रप्पाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग? पुढं सांग."

पुढच्या वर्षी मी बंगळूर सोडलं. निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा धीर करून विचारलं, "अण्णा, भीती गेली का हो?"

"न्हाई," ते म्हणाले. "येतीय अजून. आली की हिला सांगतो, 'आली बघ.' मग ही गॅस बंद करून माझ्याजवळ येऊन बसतीय."