मेस्ताचा चौकड्यांचा कोट

उभ्या डिचोली तालुक्यात माझ्या शेजारच्या शिंप्याइतका भित्रा माणूस झाला नाही, हे मी भर बाजारात उभं राहून सांगायला तयार आहे. कुणी खोडून काढणार नाही. तो स्वतः तर नाहीच. गाव त्याला मेस्त म्हणे. त्याचं शिवणाचं दुकान आणि माझं वह्या-पुस्तकांचं दुकान यांच्यामध्ये फटी पडलेली फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्याच्या भित्रेपणाचा अभ्यास मी वीस वर्षं गादीवर बसून केला आहे. पाव विकणारा पोदेर रोज सकाळी टोपलीतला करपलेला पाव नेमका त्याच्या हातावर ठेवी, आणि हा म्हणे की आपल्याला करपलेलाच आवडतो. राजभाषेचं वातावरण तापलं तेव्हा सकाळी कोंकणीवाले सही मागायला आले, यानं दिली. दुपारी मराठीवाले आले, त्यांनाही दिली. आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर गेले तर काय, या धास्तीनं पुढचे दोन दिवस दुकानच उघडलं नाही. बारीकसारीक गोष्टीला देवळात कौल लावी. मशीनची सुई बदलू का, हे त्यानं देवाला विचारलं तेव्हा भटजीसुद्धा वैतागले होते.

माणसाच्या अंगाला टेप लावायचा तर त्याला धीरच नव्हता. गिऱ्हाइकानं जुना कपडा आणायचा आणि त्यावरून यानं नवा बेतायचा, ही त्याची रीत. नजर मात्र अशी पक्की की रस्त्यानं जाणाऱ्याची छाती फळीआडून इंचात सांगे. कारापूरच्या शाळेतल्या बाई दर वर्षी त्याच्याकडे दोन ब्लाऊज शिवायला टाकत. भावंडांचे संसार उभे करता करता बाईंचा स्वतःचा राहून गेला होता. माझ्याकडून खडू घेत आणि मग शेजारी जात. त्या आल्या की हा मशीनमागे इतका वाकून बसे की बाईंना त्याचा फक्त भांग दिसावा. सात वर्षांत तो त्यांच्याशी दोनच शब्द बोलला, ‘जालें’ आणि ‘फाल्यां’; म्हणजे झालं आणि उद्या. बोलायचं होतं ते तिसरंच, आणि ते काय होतं ते मला माहीत होतं, कारण फळीच्या या बाजूला बसून मी त्याला ते मशीनशी पुटपुटताना ऐकलं होतं.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी बाईंची पेडण्यात, मांद्र्याला बदली झाली. मेस्तानं दोन दिवस मशीनला पाय लावला नाही. त्याला जरा हसवावं म्हणून मी त्याला डिचोलीच्या थेटरात दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमा धमाल होता. एका घाबरट कारकुनाला एक फकीर लाल चौकड्यांचा कोट देतो. तो अंगात घातला की हा पठ्ठ्या साहेबाच्या डोक्यावर दह्याचं मडकं फोडतो आणि नायिकेच्या बापाला शेणात लोळवतो. सगळं थेटर पोट धरून हसत होतं. मेस्त तेवढा हसला नाही. शेवटी कोट काखेत फाटतो आणि कारकुनाची पुन्हा शेळी होते, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, “हांगा दुहेरी शिवण जाय आशिल्ली.” इथे दुहेरी शिवण हवी होती म्हणे. त्यानंतर तो एकटाच रोज तिकीट काढून गेला. अकरा दुपारी भरल्या थेटरात एकटा न हसता बसून तो पडद्यावरच्या कोटाची बटणं आणि खिसे मोजत होता.

मग त्यानं तसाच कोट शिवला, काखेत दुहेरी शिवण घालून. कौल लावला, देवानंही उजवा, म्हणजे होकाराचा दिला. पण जन्मभर नमुन्यावरून बेतणाऱ्या या माणसानं एक गोष्ट केली नाही, स्वतःचं माप घेतलं नाही. नमुना पडद्यावर होता. त्यानं नजरेनं नटाचं माप उचललं. नट माझ्यासारखा आडव्या अंगाचा, आणि मेस्त म्हणजे हँगर. मांद्र्याला निघण्याआधी ब्लाऊज न्यायला बाई आल्या त्या शनिवारी हा भर उकाड्यात तो कोट घालून उभा राहिला. बाह्या बोटांच्याही खाली. ब्लाऊजचं पुडकं द्यायला हात पुढे केला तर बाहीनं कात्री पाडली; ती उचलायला वाकला तर धक्क्यानं कोळशाची इस्त्री कलंडली, आणि निखारे विझवायला तांब्या उचलला तो निम्मा त्याच्याच अंगावर उपडा झाला. बाई हसल्या. सात वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी त्याच्याच गळ्यातल्या टेपनं त्याचा हात मापला आणि सुईत दोरा ओवला.

“मेस्त, बाह्यो लांब जाल्यात. रावात, हांव टाचून दितां.”

थांबा म्हटल्यावर मेस्त दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. बाईंनी एक बाही दुमडून टाचली, मग दुसरी. मी फळीला कान लावून त्याच्या तिसऱ्या शब्दाची वाट बघत होतो. दोरा तुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मांद्र्याकडे जाणारी बस सुटली.

मी जाऊन त्याला खूप बोललो. तो तसाच हात पुढे धरून उभा होता.

“माप घेतना हालचें न्हय, उलोवचें न्हय,” तो म्हणाला. माप घेताना हलू नये, बोलू नये, हा धंद्यातला नियम.

मला त्याचा राग आला होता. आज स्वतःचाच येतो. बाई आधी माझ्या दुकानात येत, खडूंच्या पेटीबरोबर मीही एक शब्द टाकू शकलो असतो. पण मला फळीआडून गंमत बघायची होती.

मेस्त गेल्यावर पुतण्यानं दुकान रिकामं केलं आणि कोट माझ्याकडे आणून दिला. टाचलेले ते टाके कच्चेच आहेत. कुठलाही शिंपी बाही पक्की करतो आणि ते काढून टाकतो. यानं काढले नव्हते. परवा मी तो अंगात घालून पाहिला. खांद्यात, छातीत अगदी बेतल्यासारखा बसतो. बाह्या तेवढ्या आखूड होतात. टाके उसवले की झालं, दोन मिनिटांचं काम आहे. मी कोट काढला आणि होता तसा घडी करून ठेवला.