दिलावर शिकलगार आणि पाटलांची ठासणीची बंदूक

पिंपळटाकळीत कुणाचा विळा बोथटला की त्याचे पाय आपसूक वेशीजवळच्या दिलावर शिकलगाराच्या छपराकडे वळायचे. गाव शेवगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या अगदी काठावरचं. नदी ओलांडली की निजामाचं राज्य. दिलावर पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. काम घेऊन आलेल्याला तो आधी चार शब्द सुनवायचा. "ह्यो विळा हाय का करवत? दगडं कापतूस काय रं?" मग धार अशी लावून द्यायचा की पुन्हा महिनाभर बघायला नको. त्याच्या बोलण्याचा कुणी राग धरत नसे. लहानथोर सगळे त्याला चाचा म्हणत.

दरसाल दसऱ्याच्या आधी आबासाहेब पाटलांच्या घरच्या दोन तलवारी आणि एक जुनी बंदूक त्याच्याकडे यायची. पणज्याच्या वेळची ठासणीची बंदूक. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून लोखंडी गजाने ठासायची. दिलावरच्या बापानेही तीच पुसली होती. दिलावर गजाला तेलाची चिंधी गुंडाळून नळीतून हलक्या हाताने फिरवायचा आणि पूजेच्या आदल्या दिवशी बंदूक पाटलांच्या ओसरीवर नेऊन ठेवायचा.

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा मात्र निराळा निघाला. पलीकडच्या गावांतून रझाकारांच्या धाडींच्या बातम्या येऊ लागल्या. नावा भरभरून माणसं अलीकडे उतरत होती. आबासाहेबांची पुतणी मनकर्णा अशीच एका नावेतून आली. घर जळालेलं, नवरा मारला गेलेला, कडेवर तान्ही पोर. तिचा भाऊ सूर्यभान महायुद्धात पलटणीची मोटार हाकून परत आलेला. बहिणीला त्या अवस्थेत पाहिल्यापासून तो कुणाशी धड बोलेना.

दिलावरच्या छपराकडे येणारे पाय कमी झाले. येत ते विळा ठेवून लांब उभे राहत. पारावर तो टेकला की चाललेलं बोलणं थांबायचं. पलीकडच्या रझाकारांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण हे सांगायचं कुणाला? कुणी विचारतच नव्हतं. हळूहळू दिलावरचं फटकळ तोंडही मिटलं. कुणी काही सांगितलं की तो नुसतं "बरं" म्हणायचा. त्याची बायको गौहर म्हणाली, "तुमी असं गप ऱ्हायलात की मला जास्ती भ्या वाटतं."

एका सकाळी सूर्यभान ती बंदूक घेऊन आला.

"यंदा पूजेला न्हाई, राखणीला पायजे," तो म्हणाला. एरवी तो चाचा म्हटल्याशिवाय बोलत नसे. "उद्या सकाळी न्यायला येतो. आन् चिंध्या नकोत. ह्यानं घास." त्याने खिशातून पितळी तारांचा एक जाड ब्रश काढून पुढे केला. पलटणीतून आणलेला होता.

दिलावरने ब्रश हातात घेतला. नळी आतून किती खडबडीत आहे, मधे कुठे आवळलेली आहे, हे त्याच्या हाताला पाठ होतं. हा ब्रश तिला जड जाणार. दुसऱ्या एखाद्या साली त्याने सूर्यभानच्या पाठीत धपका घालून म्हटलं असतं, "मोटारीला लाव जा तुझा ब्रश." त्या दिवशी तो म्हणाला, "बरं."

गजाच्या टोकाला आटे होते, त्यावर ब्रश कसाबसा बसला. दिलावरने नळीत तेल सोडलं आणि गज दाबला. ब्रश करकरत आत गेला, आवळलेला भाग ओलांडून तळाकडे सरकला. दिलावर तो मागे ओढायला गेला तर हलेना. आत जाताना तारा मागे वळल्या होत्या. आता ओढल्यावर त्या उलट्या उभ्या राहून नळीच्या खड्ड्यांत रुतल्या. त्याने गज पिळून पाहिला. गज एकदम सैल झाला आणि सुटा बाहेर आला. ब्रश आतच राहिला होता.

दिलावरने आत हाक मारली. गौहर धावत बाहेर आली. त्याच्या हातातला नुसता गज बघून तिला काही विचारावं लागलं नाही.

दिवसभर त्याने सगळं करून पाहिलं. रॉकेल ओतून नळी उभी ठेवली. गजाचे आटे पुन्हा ब्रशात बसतात का पाहिलं. ते झिजून गेले होते. आकडा करून ओढलं तर एक तार तुटून आली. नळीचं मागचं तोंड बंद करणारा पेच गंजून एकजीव झाला होता. भट्टीत घालून तो सैल करावा, तर जुन्या लोखंडाला चीर जायची. मनात एकच येत होतं: लोक काय म्हणतील. राखणीची बंदूक, मुसलमानाच्या घरी आली आणि बुजली. ह्याच्यापुढे कोण काय ऐकून घेणार?

"आबासाहेबांना आत्ताच जाऊन सांगा," गौहर म्हणाली. त्याचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान आला. त्याने नळीत काडी घालून पाहिली आणि त्याचा चेहरा काळवंडला. त्याने बंदूक उचलली. दिलावर त्याच्या मागोमाग अनवाणी चालत पाटलांच्या ओसरीपर्यंत गेला. तिथे राखणीची माणसं जमलेली होतीच.

"आबा, बघा," सूर्यभानने बंदूक आबासाहेबांपुढे धरली. "नळी बुजवून ठेवली. मुद्दाम केलंय ह्यानं."

ओसरीवर कुजबुज उठली. आबासाहेब थकलेल्या डोळ्यांनी दिलावरकडे बघत राहिले. "काय रे, दिलावर?"

"ब्रश अडकला, आबासाहेब. देवाशपथ. मुद्दाम न्हाई केलं."

"अडकला तर उडवून काढू," सूर्यभान म्हणाला. "मागच्या कानातून, बत्तीच्या भोकातून, चिमूटभर दारू सारली, बत्ती दिली, की ब्रश जाईल उडून." आणि तो खरंच दारूची पिशवी सोडायला लागला.

 दिलावर गप्प बसला तर कुणी त्याला दोष देणार नव्हतं. तोंड उघडलं तर सगळे म्हणणार होते, बघा, कसा आड येतोय. तरी तो पुढे झाला आणि बंदुकीच्या कानावर त्याने तळहात दाबून धरला.

"न्हाई. नळी जुनी हाय, ब्रश घट्ट हाय. दारूला वाट न्हाई मिळाली तर नळी फुटंल, सूर्यभान. तुझं डोळं जातील. हात जाईल."

"हात काढ."

"न्हाई काढत."

सूर्यभानने त्याला ढकललं. दिलावर कोलमडून पायरीवर आपटला, पण बंदूक त्याच्या पोटाशीच होती. दोघंतिघं त्याच्या अंगावर धावले. तेवढ्यात दारातून मनकर्णा ओरडली, "दादा!"

आल्यापासून तिचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सगळे जागच्या जागी थबकले.

"ह्या घरात तरी जाळ नको," ती म्हणाली. "माझं मागं कोन उरलंय? तू एक हायस."

सूर्यभानचे हात खाली आले. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

आबासाहेबांनी दिलावरला उठवलं. "निघंल का ब्रश?"

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या. हितंच बसतो, तुमच्या समद्यांच्या म्होरं."

निरोप गेला तशी गौहर हत्यारांची पेटी घेऊन आली. ओसरीच्या कडेला बसून नवऱ्याची धडपड ती बघत होती. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "हात दाबल्याबिगर बांगडी निघती का? आदी तारा दाबा की."

 दिलावरने पातळ पितळी पत्रा मागून घेतला, नळीत जेमतेम जाईल आणि तारांवर चढून त्या आत दाबेल अशी त्याची पुंगळी वळली, जोडाला कथलाचा डाख दिला आणि पुढची कड घासून घासून कागदासारखी केली. पुंगळी गजाच्या टोकाला पक्की ठोकली. एरंडेल लावून ती नळीत सोडली आणि ब्रशाला टेकल्यावर हलक्या हाताने, थोडी पिळत, पुढे सारू लागला. पहिल्या खेपेला पुंगळीची कड दुमडली. दुसरी केली, ती तिरकी गेली. माणसं कंटाळून पांगली. सूर्यभान मात्र समोर उकिडवा बसून होता. ऊन कलता कलता तिसरी पुंगळी तारांवरून सरकली. चुरचुर आवाज झाला आणि गज बोटभर पुढे गेला. दिलावरने श्वास रोखून ओढायला सुरुवात केली. ब्रश पुंगळीत दबून, चेपलेल्या किड्यासारखा बाहेर आला.

कुणी शाबास म्हणालं नाही. आबासाहेबांनी नळीत डोकावून पाहिलं.

"ब्रश जाड हाय हे तुला पयल्यांदाच कळलं असंल की," ते म्हणाले. "बोलला का न्हाईस?"

"दुसऱ्या साली बोललो असतो, आबासाहेब," दिलावर म्हणाला. "यंदा तोंड उघडंना."

आबासाहेबांनी बंदूक खाली ठेवली. सूर्यभानने बंदूक उचलली. जाता जाता "चाचा, लागलं का?" असं काहीतरी पुटपुटला. दिलावरचं कोपर सोलवटलं होतं. त्याने "न्हाई" म्हटलं.

भाद्रपदात हिंदी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्या बंदुकीतून एकही बार निघाला नाही. दसऱ्याच्या आधी ती पुन्हा दिलावरकडे आली. सूर्यभानच घेऊन आला. दिलावरने ती हातात घेतली नाही. पेटी काखेला मारून तो त्याच्याबरोबर पाटलांच्या ओसरीवर गेला आणि चार माणसांसमोर बसून त्याने ती साफ केली. पुढे जगला तोवर दर दसऱ्याला त्याने असंच केलं. विळे-कात्र्या घरी, हत्याराचं काम चारचौघांत.

एकदा आबासाहेब म्हणाले, "घरी घेऊन जा रे, निवांत कर. आता कोन काय म्हनतंय?"

"नको," दिलावर म्हणाला. "हितं उजेड चांगला हाय."