लाल बटणाची पिन

गणपतीचा सण तोंडावर आला असताना फळी क्लॅम्पमधून सुटली आणि वहिनींनी मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं. कटर फिरतच राहिला. त्यांनी हात मागे ओढला म्हणून वाचला. मी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

रत्नागिरीजवळच्या त्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर लाकडी मखरं कोरली जायची. मशीन वहिनी चालवायच्या. त्या आमच्या वाडीतल्या सूनबाई. फळ्या चढवणं आणि बिघाड बघणं माझ्याकडे. मालकही वाडीचाच, त्याला सगळे अण्णा म्हणत. गावचा मालक म्हणजे दुप्पट मालक. पगारही त्याचा आणि मानही त्याचाच.

मी मागचं कपाट उघडलं. आत कंट्रोलर बोर्ड, कडेने हिरवे कनेक्टर, त्यांत ओळीने पिना. नावं अर्धी पुसलेली. विकणाऱ्याने समजावलं नव्हतं, घेणाऱ्याने विचारलं नव्हतं. ज्याचा हात कटरखाली, त्याला कशाला सांगायचं? मीटर लावून एकेक पिन शोधली. एकीतून मोटरला किती पावलं सरकायचं ते कळतं, शेजारणीतून कुठल्या दिशेला. ही कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या वेगाची, त्या मशीनला टोकाशी अडवणाऱ्या स्विचांच्या. शेवटची लाल बटणाची. तिच्यात बटणाच्या वायरी नव्हत्याच. त्या कापून टेप गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि ती पिन शेजारच्या कॉमन पिनेला वायरच्या तुकड्याने थेट जोडून टाकली होती.

वहिनींना बोलावून दाखवलं. बटण दाबलं की विजेची वाट तुटते, बोर्डाला कळतं, मशीन थांबतं. या तुकड्यामुळे वाट कधी तुटतच नाही, म्हणून बोर्ड समजतो सगळं ठीक आहे. त्यांनी नीट वाकून पाहिलं. वाट आपोआप तुटली तर, म्हणून विचारलं. तरीही थांबणार, मी म्हटलं, आणि तेच बरोबर आहे.

अण्णांना नेमकं तेच नको होतं. खाऱ्या हवेने बटणाचे काँटॅक्ट गंजत आणि मशीन मध्येच थांबे. आधी त्यांनी मशीनपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, कामात खंड पाडू नको म्हणून, आणि आम्ही सगळे ओळीने "होय म्हाराजा" म्हणालो होतो. देवाने ऐकलं नाही. वायरने ऐकलं.

नवीन बटण बसवा म्हटलं, तर गणपती झाल्यावर बघू म्हणाले. मी कामगार संघटनेची पत्रकं वाटतो हे त्यांना ठाऊक होतं. गावच्या माणसावरच पत्रक काढणार काय, असं सगळ्यांसमोर विचारलं, आणि लोक हसले. जेवणाच्या सुट्टीत मी मेन बंद केला, तुकडा काढला आणि बटणाच्या वायरी परत जोडल्या. बटण दाबून पाहिलं. मशीन थांबलं.

मग ते दमट हवेतही थांबू लागलं. एका मखराची कमान अर्ध्यात फुकट गेली. अण्णा मला काही बोलले नाहीत. वहिनींना बोलले, चारचौघांत. जमत नसेल तर परत काजू फोडायला जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन न अडता चाललं. मी बटण दाबलं. काही नाही. कपाट उघडलं तर तुकडा जागेवर, स्क्रू घट्ट आवळलेला. मी तरातरा अण्णांकडे निघालो, तर वहिनी आडव्या आल्या.

"भावजी, त्यांना नका बोलू. ती वायर मी लावली."

"तुम्ही?"

"तुम्हीच दाखवलात ना, कुठची पिन ती."

मी हाताचं बोललो. बोटांचं बोललो. जे जे पत्रकात लिहितो ते सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची फळी ओढली.

"हात माझा हाय. तुमच्या पत्रकात छापायला नाय ठेवलेला."

त्यानंतर फळी चढवली की मी मेन स्विचपाशी जाऊन उभा राहायचो. अण्णांनी ते पाहिलं आणि मला पॉलिशला घातलं. पॉलिशची शेड रस्त्यापलीकडे. तिथून मशीनचा आवाज ऐकू यायचा. तो थांबला की मी ब्रश खाली ठेवायचो आणि पुन्हा सुरू होईपर्यंत उचलत नसे.